एका घरात दोन सल्लागार

आमचे हे बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतरची दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. ज्या माणसाने उभी नोकरी रस्ते, मोऱ्या आणि आश्रमशाळांच्या खोल्या बांधण्यात घालवली, त्याला घरात बसवलं की तो घरच तपासायला लागतो. ओट्याला उतार कमी आहे. कपाटाचं दार चुकीच्या हाताला उघडतं. माझं शिलाई मशीन खिडकीपाशी आहे तिथे उजेड डावीकडून यायला हवा, तो उजवीकडून येतो. त्याच उजेडात बसून मी तीस वर्षं निम्म्या नंदुरबारचे ब्लाऊज शिवले आणि एकाही बाहीने तक्रार केली नाही, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

त्यामुळे एके दिवशी दुपारी शेठजी घरी आले आणि "साहेब, तुमच्याकडे काम आहे" म्हणाले, तेव्हा मला देव पावला असंच वाटलं. शेठजी म्हणजे बाजारातले कापडाचे व्यापारी. घराणं मूळ राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथे गेल्या. दुकानात आलेल्या बाईशी ते अहिराणीत घासाघीस करतात आणि हरतही नाहीत. अस्तराचं कापड मी त्यांच्याचकडून घेत आले आहे.

काम असं होतं. शेठजी, आणखी चार व्यापारी आणि शहाद्याकडचे काही मोठे शेतकरी अशांनी मिळून एक ट्रस्ट केला होता. नंदुरबारच्या बाहेर जागा घेतली होती. तिथे कॅन्सरवर उपचार करणारं केंद्र उभं करायचं होतं. आराखडा काढायचा, यंत्रं निवडायची, इमारत बांधून घ्यायची आणि चालू करून हातात द्यायची, यासाठी पुण्याची एक सल्लागार कंपनी नेमली होती. त्या कंपनीला इथली माती, पाणी आणि ठेकेदार ओळखणारा एक माणूस हवा होता.

"आपल्याकडे काय, कुणाला हा आजार झाला की सुरतची गाडी पकडायची," शेठजी म्हणाले. "किती दिवस पकडायची?"

मी आत चहा गाळत होते. सुरत हा शब्द आला तेव्हा यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं नाही आणि मीही बाहेर पाहिलं नाही. बारा वर्षांपूर्वी मला छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि शेवटी किरणांच्या उपचारासाठी सहा आठवडे आम्ही दोघं सुरतेत एका धर्मशाळेच्या खोलीत राहिलो. मी बरी झाले, घरी आले, मशीनवर बसले. त्या सहा आठवड्यांबद्दल आम्ही पुन्हा बोललो नव्हतो. भांडणं पुष्कळ केली, पण ती ओट्याच्या उतारावरून.

तर हे 'स्थानिक सल्लागार' झाले. कंपनीने एक पांढरं हेल्मेट पाठवलं. जागेवर तेव्हा बाभळी आणि गवत सोडून काही नव्हतं, तरी हे हेल्मेट घालूनच स्कूटर काढायचे.

"तठे वरतून काय पडणार शे? आभाळ?" मी विचारलं.

"शिस्त शे ती," हे म्हणाले. "तुले नही समजाव."

कंपनीची पहिली बैठक शेठजींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर झाली. तिथे गादी-तक्क्यांची बैठक आहे आणि चारी भिंतींना साड्यांचे गठ्ठे. पुण्याहून आर्किटेक्ट मुलगी आली होती, मुख्य काम तिच्याकडेच होतं. वय तिशीच्या आसपास, केस बारीक कापलेले, बोलणं भराभर. एक कोरी मांजरपाटाची चादर टांगून तिच्यावर तिने चित्रं दाखवली. घरी आल्यावर यांनी मला सगळं सांगितलं. त्यात 'पेशंट जर्नी' हा शब्द दहा वेळा आला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पेशंटचा प्रवास."

"तो माले माहीत शे. खांडबारा, नवापूर, उधना, सुरत."

"तो नही. इमारतीमधला प्रवास. दारापासून डॉक्टरपर्यंत."

यांनी त्या बैठकीत एकदाच हात वर केला होता. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, प्रश्न शेवटी घेऊया." शेवटी चहा आला, फाफडा आला, प्रश्न राहिला. काय विचारायचं होतं ते यांनी मलाही सांगितलं नाही. 'वेळ आली की सांगतो' असं म्हणाले आणि हेल्मेट फ्रिजवर ठेवून दिलं.

वेळ आली ती डिसेंबरात. पुण्याची मंडळी आधी आली होती ती पावसाळ्यात. तेव्हा आमच्या जागेशेजारचा मोठा पट्टा हिरवागार होता. नकाशावर त्यांनी तिथे 'निसर्गरम्य मोकळी जागा' असं लिहिलं आणि केमो घेणाऱ्यांच्या खुर्च्या मोठ्या काचेच्या खिडकीतून नेमक्या तिकडे तोंड करून मांडल्या. सलाईन चालू असताना माणसाला हिरवं दिसावं, ही कल्पना चांगलीच होती. पण ती जागा म्हणजे मिरचीची पथारी. हिवाळ्यात तिथे जमीन दिसत नाही, नुसती लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा सुटला की दोन शेतं पलीकडचा बैलसुद्धा शिंकतो.

त्या दिवशी पुण्याहून चौघं आले होते. जागेवर गाडीतून उतरले आणि पहिल्या पाच मिनिटांत चौघांचे डोळे लाल. आर्किटेक्ट मुलीला तर शिंकांनी उभं राहू दिलं नाही. हे तिला स्कूटरवर मागे बसवून सरळ घरी घेऊन आले. मी तिच्या हातात ताकाचा तांब्या दिला, डोळ्यांवर ठेवायला ओला रुमाल दिला. शिंका थांबल्यावर तिने विचारलं, "काका, तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"प्रश्न शेवटी घेणार होतात ना," हे म्हणाले.

मुलगी इतकी हसली की पुन्हा खोकला सुरू झाला. त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली. तिने वही काढली आणि वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो, पाणी कुठे तुंबतं, काळ्या मातीखाली मुरूम किती खोल लागतो, सगळं यांना विचारून लिहून घेतलं. इमारतीचं तोंड फिरलं. खुर्च्या दुसऱ्या बाजूला गेल्या. यांनी पुढे महिनाभर हे वर्तमान इतक्या लोकांना सांगितलं की भाजीवालीसुद्धा मला म्हणाली, "बाई, साहेबांनी म्हणे दवाखाना फिरवला?"

जायच्या आधी त्या मुलीची नजर माझ्या मशीनवर गेली. शिवत असलेला ब्लाऊज तिने उलटा करून आतली शिलाई पाहिली. आतून पाहणारी माणसं थोडी असतात. मग तिला भिंतीला अडकवलेली माझी सुरतेच्या कॅन्सर हॉस्पिटलची फाईल दिसली. दर वर्षी तपासणीला लागते म्हणून मी ती हाताशीच ठेवते. तिने यांच्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही हेही सांगितलं नाहीत."

या वेळी हे हेल्मेट उचलून उगाच पुसायला लागले.

पंधरा दिवसांनी कंपनीकडून एक जाडजूड प्रश्नावली आली. ज्यांनी उपचार घेतलेत त्यांनी भरायची. कुणीतरी इंग्रजीतून मराठी केलेली होती. दुपारची जेवणं झाल्यावर हे चष्मा लावून, पेन उघडून, माझ्यासमोर पाटावर बसले. सरकारी कागद भरायचा म्हटलं की हे पाटावरच बसतात.

"प्रश्न पहिला," यांनी वाचलं. "आपल्या उपचार-प्रवासातील महत्त्वाचे स्पर्शबिंदू कोणते?"

"काय विचारताय हो भर दुपारी?"

"मी नही, कंपनी विचारी ऱ्हायनी."

"कंपनीले सांगा, म्हातारी लाजनी."

यांनी खरोखरच 'लागू नाही' असं लिहिलं. असे आठदहा प्रश्न गेले. वाहनतळ, प्रकाशयोजना, भिंतींचे रंग. मग एक प्रश्न सरळ मराठीत होता. उपचार घेताना तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?

यांनी पेन टेकवून ठेवलं. त्यांना वाटलं मी सुईचं सांगेन, उलट्यांचं सांगेन, केस गेल्याचं सांगेन. मी म्हटलं, "गाऊनचा."

"कसाचा?"

मग मी सांगितलं. पहिल्या दिवशी मला एका खोलीत नेलं आणि अंगावरचं काढून हा गाऊन घाला म्हणाले. पुढून उघडा, तीन नाड्या, त्यातल्या दोन तुटलेल्या. तो घालून मला किरणांच्या मशीनच्या खोलीपर्यंत जायचं होतं. मध्ये लांब बोळ. बोळाच्या दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर माणसं, बहुतेक पुरुष. मी गाऊन दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चालले. शिवणाऱ्या बाईच्या अंगावर धड बांधता न येणारं कापड. ऑपरेशन झालं तेव्हा मी रडले नव्हते. त्या बोळात रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"असं रोज," मी म्हटलं. "आणि तुम्ही बठेल व्हतात त्याच बाकवर. पेपर वाचत."

मला बारा वर्षं तेच टोचत होतं. बाकीच्या पुरुषांनी पाहिलं त्याचं नाही, यांनी पाहिलं नाही त्याचं. मला वाटायचं, यांना माझी लाज वाटते.

यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "तो पेपर गुजराती व्हता."

"मग?"

"माले कोठे गुजराती वाचता येस?"

यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"मी वर देखतू ना," हे म्हणाले, "ते मीच रडतू. मग तुले कोण धरतं?"

मी उठले आणि आत जाऊन उगाच भांडी घासली. स्वच्छ होती तीच घासली. बाहेर आले तर यांनी त्या प्रश्नाखाली त्यांच्या ठसठशीत, ओव्हरसियरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'गाऊन. सविस्तर माहिती समक्ष भेटीत देण्यात येईल.' आणि खाली सही ठोकली होती. स्वतःची.

म्हणून पुढच्या बैठकीला मला बोलावणं आलं. मी ठेवणीतली साडी नेसले, पर्समध्ये टेप टाकला. टेपशिवाय मी लग्नालाही जात नाही. माझ्यासारखाच आणखी एक बोलावलेला होता, धडगावकडच्या पाड्यावरचा म्हातारा. तोंडाचा कॅन्सर होऊन बरा झालेला. तो पावरी बोलायचा, त्याची पुतणी आशा कार्यकर्ती होती, ती आम्हाला मराठीत सांगायची. पुतणीशिवाय त्याच्यासोबत त्याची बायको, दोन मुलगे, एक सून आणि एक शेजारी, असे सगळे जीप करून आले होते आणि रांगेत गादीवर बसले होते.

आर्किटेक्ट मुलगी चादरीवरचं चित्र दाखवत म्हणाली, "एका रुग्णामागे एक सोबती धरून आपण बसायची जागा काढली आहे."

सगळ्यांनी त्या रांगेकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं. बोटांनी मोजलं.

पुतणीने म्हाताऱ्याला अर्थ सांगितला. तो एका गालाने हसला आणि काहीतरी म्हणाला.

"काका म्हणतात, आज जीपमध्ये जागा कमी होती," पुतणीने सांगितलं.

त्यानंतर मुलीने चित्रं बंद केली, चादर काढली, नकाशा गादीवर पसरला आणि सगळ्यांना भोवती बसवलं. बैठक खरी तिथून सुरू झाली. सोबतच्यांना आंघोळ, झोप आणि चूल हवी, असं म्हाताऱ्याने सांगितलं. चुलीऐवजी गॅस चालेल का यावर सून आणि सासू यांचं पावरीत बरंच वाजलं. गॅस चालेल असं ठरलं.

मी कपडे बदलायची खोली शोधत होते. सापडली तेव्हा बोट ठेवलं. तिचं दार थेट बाकांसमोर उघडत होतं. खोली या बाजूला, मशीन त्या बाजूला, मध्ये बोळ. तसाच.

"ही खोली आतल्या बाजूला घ्या," मी म्हटलं. "बाईने कपडे बदलले की बाहेर न येता तिथूनच मशीनकडे जाता आलं पाहिजे. थांबायचं असेल तर आतच दोन खुर्च्या."

मुलगी जरा अवघडली. "काकू, मूळ आराखड्यात तसंच होतं. पण जागा कमी पडली. पुढचा हॉल मोठा करायचा होता."

आता सगळे शेठजींकडे बघायला लागले. तो हॉल शेठजींचा होता. त्यांच्या आई याच आजाराने गेल्या होत्या. तिथे त्यांच्या नावाची मोठी ग्रॅनाईटची पाटी बसायची होती, वर झुंबर, खाली संगमरवर. शेठजींनी हा हॉल मनात कधीचाच बांधून ठेवलेला होता.

"भाभी, दवाखाना म्हटला की दर्शनी भाग पाहिजे," ते म्हणाले. "माणसाला आत येताना बरं वाटलं पाहिजे."

मी त्यांच्या आईंना ओळखत होते. सगळे त्यांना बा म्हणत. डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी बाई. मापं घ्यायला मला हवेलीवर बोलवायच्या, आणि मापं देतानाही दार आतून दोनदा तपासायच्या. मला शेठजींना दुखवायचं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "शेठजी, बा उपचाराला जायच्या तेव्हा तिथे त्या कशा चालत गेल्या असतील हो?"

शेठजी तक्क्याचा गोंडा चाळवत राहिले. मग आर्किटेक्ट मुलीला म्हणाले, "हॉलमधून किती फूट पाहिजे?"

"दहा तरी."

"बारा घ्या." आणि लगेच, "पण पाटी कमी होणार नाही."

पाटी कमी झाली नाही. आज तुम्ही तिथे गेलात तर लहानशा हॉलमध्ये भिंतभर पाटी आहे. रांगेत उभं राहिलेल्याला बांचं नाव वाचण्यावाचून इलाज नाही.

गाऊनचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. शेठजींनी दुसऱ्याच दिवशी मऊ सुती कापडाचा अख्खा तागा पाठवला. मला वाटलं, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला गाऊन म्हणजे काय, डाव्या हाताचं काम. पहिला नमुना मी मोठ्या हौसेने शिवला. पुढे एकावर एक येणारे पल्ले, गळ्याला पायपिंग, बाजूला खिसा, आणि लावायला टिचबटणं. पुण्याला पाठवला. तिथल्या मशीन चालवणाऱ्या तज्ज्ञांचं उत्तर आलं: अतिशय सुंदर, पण चालणार नाही. धातूची बटणं नकोत. खिसा नको, त्यात बाया काहीबाही ठेवतात. आणि किरणं द्यायच्या जागी अंगावर खुणा केलेल्या असतात, तेवढाच भाग उघडता आला पाहिजे.

हे वाचून यांना झालेला आनंद लपत नव्हता. "पहिलं डिझाईन कधीच पास होत नाही," असं यांनी मला अनुभवी सल्लागाराच्या सुरात समजावलं.

दुसरा नमुना फार घट्ट झाला. तिसऱ्याच्या वेळी मला खांद्याला नाड्या लावून पाहायच्या होत्या. डावा खांदा सोडला तर डावीच बाजू उघडावी, बाकी अंग झाकलेलं राहावं. पण स्वतःच्या खांद्याची नाडी स्वतःला दिसत नाही. घरात दुसरा खांदा एकच होता.

"मी?" हे म्हणाले. "मी सल्लागार शे."

"मीबी शे. उभे ऱ्हा."

हे हॉलच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. आकाशी गाऊन, खाली पायजमा. मी तोंडात टाचण्या धरून डाव्या खांद्याची नाडी बांधत होते, आणि तेवढ्यात दार ढकलून शेठजी आत आले. सिमेंटबद्दल काही विचारायचं होतं त्यांना. ते उंबऱ्यातच थबकले. माझ्या तोंडात टाचण्या, मला बोलता येईना. यांनी मात्र कमाल केली. हात तसेच पसरलेले ठेवून म्हणाले, "या शेठजी. चाचणी चालू आहे."

शेठजी व्यापारी माणूस. त्यांनी जवळ येऊन कापड दोन बोटांत धरलं, शिवण पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, रंग खुलतो तुम्हाला."

मी टाचण्या पटकन काढून घेतल्या म्हणून, नाहीतर गिळल्याच असत्या. तो तिसरा नमुना पास झाला.

यांचाही दिवस आला. किरणांच्या मशीनची खोली म्हणजे सात फूट जाडीच्या काँक्रीटच्या भिंती. किरण बाहेर झिरपू नयेत म्हणून आत जायची वाटही वळणाची. या भिंती ओतायला घेतल्या की मध्ये थांबायचं नाही, सांधा राहता कामा नये. पहाटेच डबा घेऊन गेलेले हे दिवेलागणीला परतले ते डोक्यापासून बुटांपर्यंत सिमेंटने राखाडी. डबा तसाच परत आणला होता.

"कुठेच थांबनं नही," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले. मी बादलीभर गरम पाणी दिलं. त्या दिवशी मी चेष्टा केली नाही.

आता केंद्र चालू होऊन काही महिने झाले. आधी केमो सुरू झाली, मग बऱ्याच परवानग्या येऊन मशीनही सुरू झालं. आठवड्यातून एकदा मी तिथे जाते. उसवलेले गाऊन दुरुस्त करते, तुटल्या नाड्या लगेच बदलते. त्यात हयगय चालू देत नाही. नर्सपोरी मला 'सल्लागारबाई' म्हणून चिडवतात. आर्किटेक्ट मुलगी आता दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात दुसरं हॉस्पिटल बांधते आहे. अधूनमधून फोन करते आणि आधी शेजारी काय पिकतं ते विचारून घेतलंय असं सांगते.

मशीन सुरू झालं त्या आठवड्यात मी मुद्दाम सकाळी जाऊन बसले होते. गाऊनबद्दल कोण काय म्हणतं ते ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. शहाद्याकडची केळीच्या बागांत काम करणारी एक बाई आत गेली, उपचार घेऊन, कपडे बदलून आतल्याच दाराने बाहेर आली आणि माझ्या शेजारी टेकली. मी वाट पाहिली. ती गाऊनबद्दल अक्षर बोलली नाही. तिला बहुधा आपण काय घातलं होतं हेही आठवत नव्हतं.

"कसं वाटलं आत?" मी शेवटी विचारलंच.

"काही नही. पाच मिनटंबी लागनी नहीत," ती म्हणाली. तिने घड्याळाकडे पाहिलं. तिला शहाद्याची एसटी पकडायची होती. दुपारपर्यंत घर गाठलं तर धाकटी शाळेतून यायच्या आत भाकरी टाकून होतील, असा तिचा हिशेब होता. उद्या परत यायचंच होतं.

मी तिच्याकडे बघत राहिले. सहा आठवडे मी घराचं तोंड पाहिलं नव्हतं. माझा मुलगा तेव्हा दहावीला होता, तो रनाळ्याला माझ्या माहेरी राहिला होता.

"काय देखी ऱ्हायन्यात?" तिने विचारलं.

"काही नही वं माय. जा, गाडी जाईल."

ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली, आणि काहीतरी आठवल्यासारखी परत आली. मला वाटलं, आता म्हणते गाऊनबद्दल.

"बाई," ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "तुमनी बाही उसवेल शे. कोणाकडे तरी शिवी ल्या."

आणि एसटी गाठायला पळाली.